विहिरीच्या नळीतली झडप

अन्वय आणि जुई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, दारात विहीर असताना प्यायचं पाणी कट्ट्याच्या बाजारातून विकत का आणता?" मी म्हटलं, उन्हाळा आहे. ते खोटं होतं. आबांना जाऊन सात आठवडे झाले. खरं मी लिहिलं नाही तर तुम्हाला कोणीच सांगणार नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या आबांनी जन्मभर रसायनांच्या कारखान्यात पाइपलाइनी जोडल्या. निवृत्तीनंतर खाडीकाठी कोळंबीचा तलाव केला. उन्हात तलावाचा खार वाढतो, तो उतरवायला विहिरीचं गोडं पाणी पंपाने सोडावं लागतं. नळीचं तोंड तलावात बुडालेलं, आणि विहिरीतलं पाणी तलावाहून खोल. पंप थांबला की तलावाचं खारं पाणी त्याच नळीतून मागे विहिरीत उतरणार, आणि त्या विहिरीचं पाणी चार घरं पितात. म्हणून आबांनी पहिल्याच दिवशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. आत बिजागरीवर पितळी झडप. जाणारं पाणी तिला उघडतं, परतणारं पाणी आपल्याच भाराने तिला मिटतं. पंप बघणारा शेजारचा बाबलो हसला होता. "आबानू, पाण्याक दरवाजो कित्याक? ता काय चोर आसा?"

"चोर नाय रे, जावय! गेलो म्हणतस तवसर जेवणाक परत हजर."

पंप बंद झाला की झडप ठक वाजायची. तो आवाज कानावर पडल्याशिवाय आबा पानावर बसत नसत.

या चैत्रात ते अंथरुणाला खिळले. खाट खिडकीशी, विहीर खिडकीबाहेर. दुपारी जरा डोळा लागावा आणि ठक... दचकून जागे. मला ते बघवेना. मी बाबलोला झडप काढायला सांगितली.

"काकी, आबा रागावतले."

"तेंका कळाचा नाय. निजांदेत."

मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पाइपातलं मला काय कळणार, असं म्हणायची सोय नाही. आबांनी मला दोनदा चित्र काढून समजावलं होतं. चार दिवसांनी काय होईल, असं वाटलं... चाराचे दहा झाले. ते शांत झोपत होते. पाणी रोज थोडं थोडं बिघडत गेलं. मी चहावरच होते, माझ्या जिभेला कळलं नाही. शेजारणींना कळलं होतं. पण आजारी माणसाच्या घरी येऊन बोलायचं कोणी?

अकराव्या दिवशी मी त्यांच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं. त्यांनी ते बराच वेळ तोंडात धरलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "झडप खंय?" पाणी ओठांवरून उशीवर ओघळलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तेराव्यानंतर बाबलोने झडप परत बसवली. विहीर दोनदा उपसली. पाणी अजून खारट आहे. चारही घरं पाणी विकत आणतात आणि मला कोणी एक शब्द बोलत नाही.

तलावात कोळंबी आहे, म्हणून पंप अजून लावतात. तो बंद झाला की खिडकीबाहेर ठक वाजतं. ते ऐकून मी पान वाढून घेते.