आहुपे की घाटघर?

परदेशी निघालेला माणूस टोमॅटोच्या क्रेटवर बसून गेलेला तुम्ही कधी पाहिलाय का? मी तसाच गेलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळंबच्या फाट्यावर मी नवा शर्ट, नवी बॅग आणि मस्कतचा व्हिसा घेऊन उभा, आणि निम्मी आळी पोचवायला आलेली. पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या. शेवटी माझ्या थोरल्या भावानं, दादानं, नारायणगावकडून आलेल्या एका टेम्पोला हात केला. केबिनमध्ये जागा नव्हती. मी मागं क्रेटवर चढलो आणि निवडणूक जिंकून मिरवणुकीत निघाल्यासारखा सगळ्यांना हात हलवून जयभीम घातला. आईनं टेम्पोचा फाळका धरून ठेवला होता. म्हणाली, "तिथला रस्ता कसाय ते कळव बाबा. आपलं माणूस कुठल्या रस्त्यानं येतंय-जातंय ते डोळ्यापुढं असलं की झोप लागती."

फाळका तिनं सोडला तेव्हा माझा रुबाब पार उतरला. मंचर येईपर्यंत मी टोमॅटोंकडं बघत रडत होतो.

मस्कतला मी एका गॅरेजात डिझेल मेकॅनिक झालो. तिथल्या साहेबाला 'मुदीर' म्हणायचं, ओळखपत्राला 'बताका' म्हणायचं आणि काम संपलं की 'खल्लास' म्हणायचं, एवढं पहिल्या महिन्यात शिकलो. सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी रस्त्यांचे फोटो काढायचे आणि आईला पाठवायचे. उघडे तपकिरी डोंगर, खजुराची झाडं आणि मध्ये ताटासारखा गुळगुळीत डांबरी रस्ता. आई फोनवर म्हणायची, "रस्ता लई झ्याक हाय. पण कडंला टेकायला सावली न्हाई."

मग लग्न झालं आणि सुनंदा मस्कतला आली. सुनंदा जुन्नरच्या पश्चिमेची. घाटघरला जाताना डोंगराच्या कुशीत तिचं गाव लागतं. आता तुम्ही म्हणाल, कळंब आंबेगाव तालुक्यात, ती जुन्नर तालुक्यातली, लागून तर तालुके, फरक तो काय? पावणं, असं बोलू नका. आमचा तो आंतरराष्ट्रीय विवाह होता. आमचा तालुका मोठा की तुमचा, यावर आमच्या घरात इतकी भाषणं झाली, की त्यात विधानसभेचं एक अधिवेशन उरकलं असतं.

पुढं ईमेल आला आणि या भांडणाला खेळाचं रूप मिळालं. दादा मंचरच्या सायबर कॅफेतून आपल्याकडच्या रस्त्यांचे फोटो पाठवायचा, सुनंदाचा भाऊ जुन्नरहून. फोटो यायचे ते आमच्या शेजाऱ्याकडं. हे देसलेभाऊ नाशिकचे, म्हणजे दोन्ही तालुक्यांना सारखेच परके, म्हणून पंच. ते फोटोतल्या गावाच्या पाट्या कापून टाकायचे, ऑफिसात रंगीत प्रिंट काढायचे आणि शुक्रवारी चहाबरोबर समोर ठेवायचे. सोबत एकच खूण सांगायचे. मग रस्ता ओळखायचा.

आम्ही दोघं काय तयार झालो होतो म्हणून सांगू! मैलाच्या दगडाचा माथा पिवळा, म्हणजे नाशिक हायवे. कडेला द्राक्षाचे मांडव, म्हणजे नारायणगावच्या आसपास. हिरड्याची झाडं दिसली की डिंभे धरणाच्या वर. एकदा तर नुसता उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग दिसत होता, आणि मी म्हणालो, "पेठच्या पुढचं वळण." बरोबर निघालं. सुनंदा म्हणाली, "नशीब." मी म्हणालो, "अभ्यास." ती नारळीपौर्णिमेच्या भाताइतकं गोड हसली आणि पुढच्या फोटोत तिनं मला चारीमुंड्या चीत केलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर घराचा विषय निघाला. कधीतरी परत जायचं, तर गावाकडं घर बांधायचं हे ठरलेलं. पण कुठं? मी म्हणायचो कळंब. माझी माती, माझी माणसं, दारातून हायवे. सुनंदा म्हणायची, वडिलांनी तिच्या नावावर केलेला तुकडा आहे तिथं, डोंगराखाली. दोघांपैकी कोणी तसूभर हलेना. शेवटी सुनंदाच म्हणाली, "फोटोवर ठरवू. पुढचा रस्ता जो ओळखेल, त्याच्या गावाला घर."

आली का पंचाईत! पण नाही म्हणेल तो कळंबचा कसला?

शुक्रवारी देसलेभाऊंनी फोटो ठेवला. हिरवीगार टेकडी, तिच्यावर उतरलेलं धुकं, ओला काळा रस्ता, त्यावर रेंगाळणाऱ्या गाई आणि लांबून येणारी एक पांढरी गाडी. खूण काय? "गाई आहेत, गुराखी नाही."

"आहुपे!" मी ओरडलो. आंबेगावच्या टोकाचं गाव. पावसाळ्यात मी तिथं मित्रांबरोबर भिजलोय.

"घाटघर," सुनंदा शांतपणे म्हणाली. "नाणेघाटाच्या अलीकडं. ह्या वळणावर माझी चप्पल वाहून गेली होती."

मी तिला टेकडीचा उतार दाखवला, तिनं मला गवताचा पोत दाखवला. देसलेभाऊ मिशीत हसत होते. म्हणाले, "आधी दोघांचं एकमत करा, मग उत्तर." ते काही होईना. मग सुनंदाच म्हणाली, "आत्याबाईंना विचारू. त्या खोटं बोलायच्या नाहीत."

मी मनात टाळ्याच पिटल्या. माझी आई, माझा तालुका, निकाल खिशात! फोटो दादाला पाठवला. त्यानं प्रिंट काढून आईच्या हातात दिला आणि आम्ही फोन स्पीकरवर टाकला.

"बघितला का फोटो?" मी विचारलं.

"बघितला की. लई ग्वाड हाय."

"मग सांग. आहुपे ना?"

"न्हाई."

सुनंदा उडालीच. "घाटघर ना, आत्याबाई?"

"त्ये बी न्हाई. आरं, ती पांढरी गाडी बघा की. तिच्या उजव्या अंगानं चाललीया. मी रोज हायवे वलांडून रानात जाते. गाडी कुठल्या अंगानं येती ते मला कळत न्हाई व्हय? ह्यो रस्ता आपला न्हाईच."

आम्ही दोघं फोटोवर वाकलो. गाडी उजव्याच बाजूनं चालली होती. मस्कतला मीही रोज तशीच चालवत होतो. मैलाच्या दगडाचा रंग ओळखणारे आम्ही, एवढी मोठी गाडी आम्हाला खटकली नव्हती. आपले डोळे कधी तिकडचे झाले, आम्हाला पत्ताच लागला नव्हता. सुनंदाच्या हातातला चहा निवून गेला.

देसलेभाऊ मात्र सोफ्यावर लोळत होते. "सलाला आहे, सलाला! मी स्वतः काढलाय!" सलाला म्हणजे ओमानच्याच दक्षिणेचं शहर. पावसाळ्यात तिथले डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे हिरवे होतात, धुकं उतरतं, गाई रस्त्यावर येतात. ज्या देशाच्या उन्हाला आम्ही इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच देशाच्या रस्त्यावर आम्ही दोन तालुक्यांचे दावे ठोकले होते!

फोन चालूच होता. सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, आम्ही दोघंही हरलो. आता घर कुठं बांधायचं ते तुम्हीच सांगा."

आई म्हणाली, "तुज्या तिकडं बांधा, डोंगराखाली."

"आई!" मी काळजात बाण लागल्यासारखा उठलो. "अगं, आपलं कळंब!"

"मग? लगीन झाल्यापासनं कळंबातच हाय की मी. रातभर टरक. फळीवरची भांडी हालत्यात. दादा हाय हितं, रान बघतोय. ह्यो फोटु बघितला आन वाटलं, आपुन बी अशा रस्त्याच्या कडंला बसावं. मी येती तुमच्या घरात ऱ्हायला."

जिनं मला फाळका धरून निरोप दिला, तिला स्वतःला कुठं जायचंय, हे मी जन्मात विचारलं नव्हतं. सुनंदा डोळे पुसत हसत होती. देसलेभाऊंनी तेवढ्यात जाहीर केलं, "जुन्नर विजयी!" मी त्यांना उशी फेकून मारली.

घर झालं. सुनंदा मस्कत सोडून तिथं राहायला आली, मी नोकरीवरच राहिलो. आई कळंबहून निघाली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून आलो होतो. शेजारणींनी गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. आई म्हणाली, "मेले न्हाई गं अजून, जुन्नरला चाललेय." जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल राव." एकदाही मागं पाहिलं नाही. पहिले काही दिवस तिला झोप लागली नाही, कारण आवाजच नव्हता. मग अशी लागली, की उन्हं वर आली तरी सुनंदाला हाक मारून तिला उठवावं लागायचं.

आमच्या घरातून मी आधी बाहेर पडलो म्हणून मी फार मिरवलो. पण उतारवयात, कुणी ढकललं नसताना, आपल्या मर्जीनं गाव बदलणारी आमच्यात एकटी आईच. तिच्यापुढं मी कसला परदेशी?

आजही कुणी गाव विचारलं तर मी छाती काढून कळंब सांगतो. पण विमानतळावरून गाडी करतो, ड्रायव्हर विचारतो, "कुठं सोडू?" तेव्हा म्हणतो, "कळंब. दादाकडं जेवू. आणि मग पुढं, आईकडं."