इस्कटून सांगा

“एवढी फी भरली, आन् पोरगी मुकी करून आणली.”

पांडुकाका स्वयंपाकाच्या मावशींना म्हणाले. मी दाराआड होते. मावशी हसल्या. लहानशी थट्टाच होती — पण मी बाहेर आले नाही. त्यानंतर जे झालं ते मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते, पाचगणीच्या बोर्डिंगमधून सुट्टीला मलकापूरला घरी आलेले. घरामागच्या स्विमिंग पूलचं पाणी शेवाळानं हिरवंगार झालं होतं आणि दोन दिवसांनी पाहुणे येणार होते. पांडुकाका मूळचे मेढ्याचे. आमची बाग आणि पूल तेच बघायचे. एरवी पातळ क्लोरीन ओतायचे. त्या दिवशी पप्पांनी पावडरीचा नवा डबा आणला होता. त्यावर सगळं इंग्रजीत.

मावशींशी ती थट्टा केल्यावर तासाभरानं काका तो डबा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “ताईसाब, ह्यावर काय लिवलंय त्ये जरा इस्कटून सांगा की.”

इस्कटून सांगणं म्हणजे नीट उलगडून सांगणं. आमच्याकडच्या लहान पोरालाही हे माहीत असतं. मला नसेल?

मी डबा वाचला. आधी बादलीभर पाण्यात विरघळवा. हातमोजे घाला. डोळे झाका. वारा असेल तर — तेही लिहिलेलं होतं. सगळं वाचलं, आणि म्हटलं, “विस्कटून टाका.”

“पेरल्यागत?”

मी नुसती मान हलवली. मुकी होते ना मी?

काका उघड्या हातानं पावडर फेकत काठाकाठानं चालत गेले, खरंच पेरणी करावी तसे. उसाच्या बाजूनं वारा येत होता. मी खिडकीतून बघत होते. पहिली मूठ. दुसरी. हाक मारायला वेळ होता का? होता. तिसऱ्या मुठीला वारा फिरला.

त्यांचा उजवा डोळा गेला. पूल मात्र पाहुणे यायच्या आत निळा झाला.

मला कुणी रागावलं नाही. इंग्रजी शाळेतली मुलगी, तिला ‘इस्कटून’ कसं कळणार? पुढे त्याचा किस्साच झाला. पप्पा तो पाहुण्यांना रंगवून सांगायचे, मी लाजून खाली बघायचे. लाजणं मला फार सोपं जातं. आणि खरं सांगू? — कधीकधी मलाही हसू यायचं.

गेल्या महिन्यात मेढ्याला गेले. काकांनी खुर्ची पुढे केली, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि ती कप घेऊन आली तसा तोच किस्सा तिला सांगायला लागले. “ह्यांची काय चूक न्हाई गं,” ते म्हणाले. “ह्यांना आपली भाषा कुठनं कळायची?”

सून हसली. मावशी हसल्या होत्या, तशीच.

मी कप खाली ठेवला.

“कळली होती, काका,” मी म्हणाले. “तवाच कळली होती.”