वाळूतली मेणबत्ती

बाबा गेल्यावर आईला मी अमेरिकेत, माझ्याकडे ॲन आर्बरला आणलं खरं, पण ती गप्पच झाली. रडली नाही की माझ्याशी भांडली नाही. माझा चहा पांचट झालाय हेसुद्धा म्हणेना, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं!

शेवटी एका शनिवारी तिला गाडीत घातलं आणि वर उत्तरेकडे निघाले. वाटेत एका खेड्यात ऑर्थोडॉक्स चर्च दिसलं. सगळं लाकडाचं, वर कांद्यासारखा छोटा घुमट. बाबा सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे वेगळं बांधकाम दिसलं की थांबायचंच, ही आमच्या घरची खोड. थांबलो.

आईने दाराशी बूट काढले.

"अगं, इथे नाही काढत."

"देवाच्या दारात काढतात."

कित्येक दिवसांनी एवढं बोलली, म्हणून मीही मुकाट्याने काढले. आतली लाकडी जमीन कसली गारठलेली होती, बाई!

चर्च सांभाळणाऱ्या आजी आत होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. आमच्या मोज्यांकडे बघून हसल्या आणि कौतुकाने सांगायला लागल्या. खाणीत कामाला आलेल्या त्यांच्या आजोबांनी शेजाऱ्यांना घेऊन, इथलेच पाइन तोडून हे उभं केलं. कोपऱ्यांत ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवलेत, खिळा नाही. बाकंही नाहीत, प्रार्थना उभ्यानेच. समोर संतांच्या चित्रांची भिंत, तिच्यापलीकडे फक्त पाद्री जाणार.

"गाभारा," आई पुटपुटली. मग तिने ओंडक्यावर बोटाने टकटक केलं. बाबा करायचे, अगदी तसंच.

आजींनी तिच्या हातात मेणबत्ती दिली. जिवंत माणसासाठी वरच्या स्टँडवर लावायची, गेलेल्यासाठी खाली वाळूत. लावताना त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. हे सगळं मी आईला मराठीत सांगितलं.

आईने मेणबत्ती वाळूत खोचली आणि अडली. बाबांचं नाव तिने लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे जन्मभर "हे" आणि "अहो". बँकेतसुद्धा नाव सांगायला मला पुढे करायची.

"मी घेते ना," मी म्हटलं.

"तू गप्प बस गं. नवरा माझा आहे."

आणि तिने नाव घेतलं. मागेपुढे काही न लावता, हाक मारावी तसं. मग जरा थांबली, ओ येईल म्हणून. नाही आली, तेव्हा माझा हात घट्ट धरून रडली, एकदाची.