मी आलेले नाही

आधीच सांगते, आमच्या घरात उदबत्तीसुद्धा नवरा लावतो. अंगात येणं, दृष्ट लागणं... यावर मी आयुष्यभर हसत आले. फार्मसी शिकलेली बाई मी, हैदराबादला अंबरपेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. कोणी असलं काही सांगायला लागलं की मी त्याला आधी ताप मोजायला सांगते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

आषाढातला बोनालुचा, म्हणजे देवीच्या जत्रेचा रविवार होता. पाऊस दडी मारून बसलेला आणि ऊन असं की चपलेतून पाय भाजावेत. नल्लकुंट्याला राहणारी माझी नणंद सुषमा दरवर्षी शेजारच्या यादम्माबरोबर सिकंदराबादेत देवीला बोनम नेते. बोनम म्हणजे भात, गूळ, दही घातलेलं मडकं. कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायच्या, वर दिवा लावायचा आणि डोक्यावरून न्यायचं. उपास निर्जळी. त्या वर्षी तिचे यजमान गावाला गेले होते, म्हणून मी सोबत गेले.

अकरा वाजून गेले तरी गल्लीतली रांग हलेना. सुषमाचं तोंड लालबुंद झालं होतं. मी बाटली पुढे केली.

"नक्को वहिनी," ती म्हणाली. "उपासाचं राहू द्या... पाणी पिऊन मग जायचं कुठं? बायकांसाठी काय सोय है का इथं?"

तेही खरंच होतं. मी बाटली पर्समध्ये ठेवली. ओआरएसची दोन पाकिटंही होती आत, दुकानातून आणलेली.

थोड्या वेळाने सुषमा डुलायला लागली. मडकं यादम्मानं वरच्या वर झेललं आणि ओरडली, "अम्मवारु आयी! हात जोडो, वहिनी!" डप्पूवाल्यांनी डफ बडवायचा जोर धरला. चार बायकांनी सुषमाला दंडाला धरून उभं केलं, कारण देवी आलेल्या बाईला आडवं करत नाहीत. कोणी तिच्या पायांवर हळदीचं पाणी ओतलं. जो तो पुढे घुसून देवीला आपला प्रश्न विचारायला लागला.

ऊन लागलेला माणूस कसा ओळखायचा, हे मी उन्हाळाभर गिऱ्हाइकांना सांगत असते. झोक जातो, माणूस बरळतो, अंग तापतं. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि मी काय केलं? मीसुद्धा घुसले.

माझ्या मुलीचं, मेघनाचं, मूल दोनदा पोटातच गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, आम्ही कोणाला, अगदी सुषमालाही, सांगितलं नव्हतं. मी सुषमाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "अम्मा, माझ्या मेघनाचं या खेपेला तरी टिकेल का?"

"नेनु रालेदु."

तेलुगूत... मी आलेले नाही. आवाज जाडसर होता, दमलेल्या म्हातारीसारखा. मग पुन्हा त्याच आवाजात, "ही तापलीय. हिला पाणी द्या."

तिचा चेहरा माझ्या हातांत होता, हे मी शपथेवर सांगते. दातखीळ बसली होती. ओठ हललेच नाहीत.

एक डप्पूवाला वाजवायचा थांबला. "क्या बोली अम्मा? नै आयी बोली?" त्यानं यादम्माला विचारलं. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं!

आणि मी? मला वाटलं, देवी परीक्षा बघतेय. मी परत विचारलं. मेघनाचंच.

या वेळी कोणी बोललं नाही. सुषमाचे डोळे पांढरे झाले. तेव्हा कुठे मी भानावर येऊन तिच्या मानेला हात लावला. मान तव्यासारखी तापलेली आणि पार कोरडी, घामाचा एक थेंब नाही. मी किंचाळले. तिला एका दुकानाच्या पायरीवर आडवं केलं, बाटली तिच्या अंगावर रिकामी केली, पदरानं वारा घातला. गर्दीतून ॲम्ब्युलन्सपर्यंत पोचायला किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांना मी आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, इतक्या तापात, त्यात दातखीळ बसलेली... पेशंट एक शब्द बोलू शकणार नाही." त्याच रांगेतून आणखी एका बाईला आणलं होतं. तिच्याही अंगात अम्मा आली होती म्हणे. तिथे मात्र कोणालाच कसला आवाज ऐकू आला नव्हता. दुपारी तिच्या तोंडावर चादर ओढली.

सुषमा पाचव्या दिवशी शुद्धीवर आली. ती आजही भिंतीला धरून चालते, जीभ जड झालीय. त्या दिवशी मला बघून पहिलं वाक्य बोलली, तेही तोडत तोडत. "वहिनी... मेघनाचं... टिकेल का... मला खरंच माहीत नव्हतं हो."

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीवर डोकं टेकून रडले.

मेघनाला मुलगी झाली. यादम्मा म्हणते, अम्माची कृपा. मी वाद घालत नाही. तो आवाज कोणाचा होता, मला आजही माहीत नाही, आणि कोणी समजावून सांगेल अशी आशाही नाही. मला इतकंच माहीत आहे की सुषमा आत सगळं ऐकत होती, पाणी माझ्या पर्समध्ये होतं, आणि मी दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला.