पहिल्या सकाळची पिल्लं

साखरझोप लागते आहे. डोळे मिटलेत, पण प्रबंधाचं शेवटचं पान मनात अजून उघडंच आहे. आज दहा वाजता तो द्यायचाय, आणि त्यात कुणाला एक चूक सापडायची नाही. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही.

दार ढकलते तर समोर आमच्या प्रयोगशाळेचं अॅनिमल हाऊस. खरातमामा पिंजऱ्यांत भुसा घालताहेत. तीस वर्षं त्यांनी इथले उंदीर सांभाळले आणि गेल्या श्रावणात ते गेले. मी दहाव्याला गेले नाही, प्रयोग चालू होता.

"काय लिवलंय, ताई?"

"एक जनुक आहे, मामा. आईबापांकडे त्याची एकेकच चांगली प्रत, म्हणजे एकही न मिळालेलं पिल्लू साधारण चारात एक हवं. तीनशे पिल्लांत एकही नाही. म्हणजे ती पोटातच मरतात."

"मोजली कवा?"

"तीन आठवड्यांनी. तपासणीसाठी कान टोचताना."

मामा हसतात. आता आम्ही त्यांच्या गावच्या पडवीत आहोत. फळीवर पिंजरे ओळीने मांडलेत, लोणच्याच्या बरण्या मांडाव्यात तसे.

"अन् पिलं झाली की पयल्या सकाळी कोन यायचं? म्या! येत्यात की जन्माला. नाक आखूड, टाळू उघडी, आतला मेंदू दिसतोय. तुमचा च्या होईस्तवर आईच खाऊन टाकती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"रजिस्टरात जित्त्या पिलांचाच रकाना व्हता. आन् इचारलं कुनी?"

कुणीच नाही. मीही नाही. मला लाज वाटते, आणि मामा समोर असूनही त्यांची फार आठवण येते.

"पण मामा, दहाला द्यायचाय!"

"चूक ठावी असून द्याल व्हय?" ते एक पिंजरा पुढे करतात. "घाला हात."

आत आई पिल्लांवर बसली आहे. मी हात घालते. ती कडकडून चावते.

जाग येते. सहा वाजलेत. लिहिण्याच्या नादात पंधरा दिवस मी उंदराला शिवलेली नाही, तरी तर्जनीवर दातांच्या दोन ताज्या खुणा आहेत. एकीतून रक्त येतंय.

मी त्याच बोटाने माझ्या मार्गदर्शक सरांचा नंबर लावते.

"सर, प्रबंध आज देत नाही. ती पिल्लं जन्मतात. जनुक गेलं की जीव जात नाही, चेहरा आणि मेंदू बिघडतो. आपण उशिरा मोजलं. आणि सर, आभारांत खरातमामांचं नाव राहिलंय."