दोह्यात चुकलेली किक

शाळेत खेळाच्या तासाला ज्यांनी फक्त मैदानाला फेऱ्या मारल्या, आणि आज ज्यांची मुलंही तेच करून घामेघूम घरी येतात, त्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्याला पळवलं गेलं, खेळवलं गेलं नाही. मी कोल्हापूरची. पेठेतल्या फुटबॉलचा आरडाओरडा ऐकत वाढले, कॉलेजात इतिहास शिकवते, आणि कुणी हातात माईक दिला तर सहसा लवकर परत करत नाही. तरीही ही तक्रार नेमक्या शब्दांत मांडता यायला मला कतारपर्यंत जावं लागलं.

जाण्याचं कारण घरगुती होतं. माझी धाकटी बहीण वैशाली, तिचे यजमान नितीन आणि नववीतली मुलगी इरा दोह्यात राहतात. डिसेंबरच्या तोंडावर वैशालीचा फोन आला.

"ताई, तू जगाला भाषणं देतीस, जरा भाचीला पण एक दे. शाळेच्या फुटबॉल टीमची निवड हाय. मागच्या वेळी घेतलं न्हाई हिला, तरी डोक्यातलं खूळ जाईना. ह्या वेळी टीममध्ये न्हाई आली तर खलास. फुटबॉल बंद, दहावीचे क्लास सुरू. तू येऊन समजाव."

म्हणजे मला पोरीचा खेळ सोडवायला बोलावलं होतं. मी तिकीट काढलं. काय बोलायचं ते तिथे जाऊन ठरवू म्हटलं.

मुंबईहून चारेक तासांचं विमान. तेव्हा भारतीय पासपोर्टवर दोह्याच्या विमानतळावरच प्रवेश मिळत होता. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवावा लागला. हे नियम बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच जा. संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो.

फुटबॉलचा विश्वचषक अजून यायचा होता आणि सगळं शहर त्याच्या तयारीत उकरून ठेवलेलं. जिकडे पाहावं तिकडे क्रेन. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घराकडे जाताना नितीन गाडी चालवता चालवता म्हणाले, "ताई, हा रस्ता काल डावीकडे वळत होता. आज उजवीकडे. उद्याचं इन्शाल्ला."

इरा मागच्या सीटवर होती. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "मावशी, आय नो व्हाय यू आर हिअर," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी इरा आणि मी मेट्रोने सूक वाकिफ या जुन्या बाजारात गेलो. नवी कोरी मेट्रो, एका फेरीला दोन रियाल, दिवसभराचा पास सहा रियाल. शुक्रवारी मात्र ती दुपारी सुरू होते, हे लक्षात ठेवा. सूकमध्ये मसाल्यांची पोती, अत्तरं आणि घट्ट दुधाचा वेलदोड्याचा करक चहा. एका दुकानात देशोदेशीच्या संघांचे मफलर टांगले होते. केरळचा दुकानदार हसून हिंदीत म्हणाला, "मॅडम, कौन सा टीम? इंडिया का तो नहीं मिलेगा."

"क्यों नहीं मिलेगा?"

"टीम आएगा तो मफलर आएगा न!"

इरा खो खो हसली. मला मात्र तो चहा कडू लागला. एवढा मोठा देश, आणि आपण दुसऱ्यांच्या मफलरांचे भाव विचारत फिरतो.

तिसऱ्या दिवशी मी जे पाहिलं त्यासाठी हा सगळा लेख आहे. नितीनची कंपनी सरावाच्या मैदानांच्या हिरवळीला पाणी देण्याचं काम बघते. तिथे मेलबर्नकडचा एक व्यावसायिक संघ सरावाला आला होता, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना सराव बघायची मुभा होती. मैदान अंड्याच्या आकाराचं, चेंडूही तसाच लांबट. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेली तर एक. चेंडू हातात धरून पळायचं आणि पळता पळताच तो हातातून पायावर सोडून किक मारायची.

वाळवंटाच्या मधोमध ती हिरवळ बघूनच माझी बोलती बंद झाली. आणि मग ती माणसं! दाराची चौकट वाकून ओलांडावी लागेल अशा उंचीची, तरी हरणासारखी पळणारी. एका वयस्क खेळाडूने पन्नासेक मीटरवरून किक मारली. चेंडू हवेत उलट्या कोलांट्या घेत गेला आणि दुसऱ्याच्या छातीवर अलगद उतरला. मी आयुष्यात फारच कमी वेळा उभ्याउभ्या टाळ्या वाजवल्या आहेत. त्या दिवशी वाजवल्या.

आणि मग लियम नावाचा सर्वांत उंच खेळाडू धावत आला. समोर खांब, अंतर थोडं, फक्त पाठीवर एक जण. किक गेली बाजूला. पुन्हा आला. पुन्हा बाजूला. त्याच्यामागून आलेल्यांपैकीही निम्म्यांचं तेच.

"दे आर प्रोफेशनल्स!" इरा ओरडली. "व्हाय कान्ट दे किक?"

ते कुंपणापाशी उभ्या असलेल्या डेनिस यांच्या कानावर गेलं. संघाला किक शिकवण्याचं काम त्यांचं. पांढऱ्या मिशीचे, उन्हाने लाल झालेले. मला वाटलं, चिडतील. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले (बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते), "कारण आम्हीच त्यांना असं घडवलं. आम्ही मुलं निवडतो उंचीवर आणि वेगावर. किक काय, नंतर शिकवू म्हणतो. मग सामने सुरू होतात आणि ते ‘नंतर’ काही येत नाही."

"पण रोज सराव होत असेल ना?" मी विचारलं.

"पळण्याचा होतो. किक फार मारल्या की जांघ दुखावते, म्हणून किक हात राखून देतो. त्याही निवांत उभं राहून, अंगावर कुणी नसताना. सामन्यात दम लागलेला असतो, मागून कुणीतरी धडकणार असतं. तेव्हा पाय तोच असतो, पण हात घाबरतो. चेंडू हातातून वाकडा सुटतो. चूक तिथेच झालेली असते. लोक शिव्या देतात पायाला."

मग त्यांनी शिट्टी वाजवली. सगळ्या संघाने आधी मैदान आडवं-उभं पळून दम लावून घेतला आणि त्याच धापांमध्ये दोघादोघांच्या जोड्या करून अगदी जवळून एकमेकांना किक द्यायला सुरुवात केली. पहिलीतली मुलं पाटीवर अक्षर गिरवतात तसं. चेंडू हातातून सरळ सुटला का, एवढंच बघायचं. लियमचा वाकडा सुटला. त्याने स्वतःच मोठ्याने सांगितलं, "वाकडा!" आणि पुन्हा घेतला. कुणी हसलं नाही. ज्यांना बघायला हजारो लोक तिकीट काढतात ती माणसं सगळ्यांसमोर मुळाक्षरांपासून सुरुवात करत होती. मी मोठमोठी राज्यं कशी उभी राहिली ते शिकवते, पण एवढी हिंमत मी पुस्तकाबाहेर प्रथमच पाहिली.

इराही फुटबॉल खेळते हे कळल्यावर निघताना डेनिस तिला म्हणाले, "तुझी किक कुठे चुकते?"

"व्हेन समवन इज ऑन मी."

"मग पायाच्या आधी काय होतं ते शोध."

शुक्रवारी नितीनच्या गाडीने समैस्माला गेलो. दोह्याच्या उत्तरेला समुद्रकाठचं गाव, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. उथळ, शांत पाणी. दुकानं फारशी नाहीत, खाणं घरून न्या. आम्ही थालीपीठं नेली होती. इरा वाळूत पळायची, धाप लागली की किक मारायची. चेंडू सारखा उजवीकडे. वैशाली चटईवर बसून माझ्या कानाशी लागली.

"बोललीस का तिच्याशी?"

"नाही."

"मग तुला काय समुद्र बघायला बोलावलं?"

मी नुसतं इराकडे बोट दाखवलं. वैशाली बघत राहिली. पेठेत आमच्या गच्चीवरून सामने बघताना तीच माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. एकदम ती उठली, ओढणी कमरेला खोचली आणि इराच्या अंगावर धावून गेली. पोरीने घाईत किक मारली, पुन्हा उजवीकडे.

"अगं खुळे, शेवटचं पाऊल केवढं लांब टाकतीस! कुणी अंगावर आलं की ढांग टाकतीस, मग चेंडू मागं राहतोय. तोकडं टाक की!"

"आई, हाऊ डू यू नो?"

"डोळं हाईत मला. यल्ला, चल, परत!"

नितीन थालीपीठ हातात तसंच धरून बघत होते. ऊन उतरेपर्यंत वैशाली धावून जात राहिली आणि इरा पाऊल आखडत राहिली. ज्या भाषणासाठी मला बोलावलं होतं ते मला अजून सुचलं नव्हतं, आणि आता ते कुणाला नकोही होतं.

रविवारी निवड. कुंपणाबाहेर आम्ही तिघं. इराची पहिली किक बाहेर गेली. वैशालीने माझा दंड असा आवळला की वळ उठला. नंतर एकदा ती लांबून पळत आली, पाठीवर धिप्पाड मुलगी, आणि शेवटचं पाऊल तोकडं पडलं. चेंडू गोलच्या कोपऱ्यात. बाकीच्या वेळी काही साधलं, काही नाही. शेवटी नावं वाचली. अकरा जणींत इरा नव्हती. राखीव खेळाडूंत होती.

गाडीत नितीन हळूच म्हणाले, "मग... क्लास?"

"बसवू की सकाळचा," वैशाली म्हणाली.

"पण टीममध्ये नाही आली तर खलास, असं तूच—"

"राखीव काय आभाळातनं पडत्यात? टीममध्येच असत्यात!"

मागून इरा मराठीत म्हणाली, "आई, उद्या परत धावून येशील?"

परत आल्यावर मी गल्लीतल्या शाळेत गेले. मुलं मैदानाला फेऱ्या मारत होती. चेंडू कुठे आहेत विचारलं, तर सरांनी कार्यालयातलं लोखंडी कपाट दाखवलं. आत चेंडू होते, हवा भरलेले, कोरे. "बाहेर काढले की खराब होतात हो, मॅडम." मी एका मोठ्या, श्रीमंत संघाला याच चुकीची किंमत मोजताना पाहून आले होते. पळणं आधी, चेंडू नंतर. त्यांनी ती चूक उघड्यावर कबूल केली आणि दुरुस्तीला लागले. आपण तिला कुलूप लावून ठेवलं आहे. दोह्यातली स्टेडियमं, मेट्रो, हिरवळ आपल्याला उद्याच्या उद्या जमणार नाही, पण कपाटाची किल्ली आपल्याच गावात आहे.

म्हणून येत्या सोमवारी, खेळाच्या तासाला, आपल्या मुलांच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांसमोर ठाण मांडा, आणि ते कपाट उघडून चेंडू मैदानावर जाईपर्यंत तिथून हलू नका.