परमनंट टाइट एंड

परीक्षितचा मेसेज आला तेव्हा हेमचंद्रराव टिल्लू मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीवर जुनी चादर बांधत होते. चँडलरच्या उन्हात कढीपत्त्यालाही डोक्यावर काहीतरी लागतं. मेसेज असा होता: 'काका, तुमची टीम कॅपच्या वर जातेय. गुरुवारी पहिली मॅच सुरू व्हायच्या आत तीन जण काढा. नाहीतर रूलप्रमाणे तुमची टीम या सीझनला बाद. सॉरी यार काका.'

"काढा?" हेमचंद्रराव कढीपत्त्याला म्हणाले. "काढा म्हणजे काय? दात आहेत का?"

ज्या तिघांना काढायचं होतं ते हेमचंद्ररावांना ओळखत नव्हते. ते खरे, धट्टेकट्टे अमेरिकन फुटबॉलपटू होते आणि ॲरिझोनात टिल्लू नावाचे कोणी गृहस्थ आपले मालक आहेत याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. चँडलरमधल्या दहा मराठी मंडळींनी आपसांत एक लीग काढून हा खेळ मांडला होता. मोठमोठ्या संघांतले खेळाडू निवडायचे आणि कागदोपत्री आपल्याकडे नोकरीला ठेवायचे. रविवारी खरा खेळाडू टीव्हीवर जेवढा पळेल, झेलेल, तेवढे गुण घरबसल्या मालकाला. डॉलर खोटे, पगार खोटे, नोकऱ्याही खोट्या. खरी अट एकच, ती म्हणजे कॅप. पगारासाठी सगळ्या मालकांना सारखीच रक्कम मिळे आणि तिच्यावर एक खोटा डॉलरसुद्धा जाता कामा नये.

बाकीचे नऊ मालक खेळाडू घेत ते हॉटेलच्या खोलीसारखे, सीझनपुरते. हेमचंद्ररावांनी मात्र पहिल्याच वर्षी सगळ्यांना पाच-पाच वर्षांचे करार दिले होते आणि वर दर वर्षी वेतनवाढ. करार कितीही वर्षांचा करा, असं नियमात होतं. वेतनवाढीबद्दल नियमात काहीच नव्हतं, कारण कोणी आपणहून पगार वाढवेल ही कल्पनाच नियम करणाऱ्या आयटीवाल्यांच्या डोक्यात आली नव्हती. तेव्हा सगळे पोट धरधरून हसले होते. आता तिसरी वेतनवाढ लागू झाली आणि टिल्लूंची टीम दूध उतू जावं तशी कॅपच्या वर आली.

"अहो, आपल्या केदारचा पॉकेटमनी वाढवायला तुम्ही मिडल स्कूलपासून हायस्कूलपर्यंत वेळ घेतलात," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकात बघण्यात गेल्यामुळे नवऱ्याकडे बघतानाही त्या एक डोळा किंचित बारीक करत. "आणि त्या बेकवर्थला न मागता तीनदा वाढ?"

"केदार घरचा आहे. बेकवर्थ कामाला आहे."

"तुमच्याकडे कामाला आहे हे त्याला माहीत आहे का?"

"त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नाही, मृणालिनी. मला माहीत आहे!"

हा बेकवर्थ 'टाइट एंड' होता. म्हणजे टीमसाठी धक्के खायचे आणि कोणाला आठवण झालीच तर चेंडूही झेलायचा. वय चौतिशीच्या पुढे, म्हणजे त्या खेळात जवळजवळ आजोबा. गेल्या वर्षी त्याने जे गुण आणले ते पोस्टाने आले असते तर लवकर पोचले असते. काढायच्या तिघांत लीगने त्याचं नाव सर्वांत वर सुचवलं होतं. त्याच्याखाली गुडघा धरून बसलेला एक रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, आणि त्याच्याखाली नूनेझ नावाचा किकर, म्हणजे चेंडूला नुसती लाथ मारणारा.

हेमचंद्ररावांच्या दृष्टीने प्रश्न सोपा नव्हता. एकीकडे दिलेला शब्द होता. दुसरीकडे रविवार होता. निवृत्तीनंतर त्यांचे सोमवार ते शनिवार एकमेकांना चिकटून एकच लांबलचक दुपार झाली होती. रविवारी तेवढे ते इस्त्रीचा शर्ट घालून सामने बघायला परीक्षितकडे जात, कोपऱ्यातल्या रिक्लायनरवर बसत आणि आपल्या माणसांच्या नावाने आरडाओरडा करत. टीम बाद झाली तर रिक्लायनरही गेला. टीम नसलेला माणूस तिथे बसून काय करणार? समोसे खाणार?

मंगळवारी संध्याकाळी परीक्षित आणि रुचा समजूत घालायला आले. परीक्षित नागपूरचा, लीगचा कमिशनर, आणि स्वभावाने इतका भिडस्त की पेनल्टी लावतानाही शेवटी सॉरी लिहायचा. त्याच्याकडे गणपती बसले होते, म्हणून हातात खिरापतीचा डबा होता. रुचा पुण्याची. ती एका कंपनीत एचआरमध्ये होती आणि लीग गेली दोन वर्षं तीच जिंकत होती.

"काका, इमोशनल होऊ नका," ती खुर्चीत बसता बसताच म्हणाली. "बेकवर्थ, तो गुडघेवाला आणि किकर. तिघे गेले की तुम्ही कॅपच्या खाली. एकदम क्लीन."

"क्लीन! फरशी पुसतेस का गं?"

"अहो काका, ही बिझनेस डिसिजन आहे. आमच्याकडे याला राइटसायझिंग म्हणतात."

परीक्षितने घाईघाईने डबा उघडून पुढे केला. उशीर झाला होता. हेमचंद्ररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आमच्याकडे रीअलाइनमेंट म्हणाले होते," ते म्हणाले. "सकाळी ऑफिसला गेलो तर गेटवर बॅज चालेना. मला वाटलं, बॅज खराब झाला. शर्टाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मागे गाड्यांची रांग. तो सिक्युरिटीवाला रोज माझ्याशी वेदरबद्दल बोलायचा. त्या दिवशी माझ्याकडे बघेना. 'सर, तुमची ईमेल बघा,' म्हणाला. ईमेलमध्ये काय होतं? माझा 'रोल' राहिला नाही! अरे, ती चिप बनवायची खोली ज्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी मी आत होतो. माझा रोल म्हणे! मी काय नाटकात होतो?"

रुचाने खिरापतीचा खोबऱ्याचा तुकडा तोंडाशी नेला होता, तो तसाच हातात राहिला.

"आणि एकटा मी नाही. माझी सगळी रात्रपाळी काढली. हातात हात धरून शिकवलेली पोरं. त्यांचा कोणाचाच गुडघा दुखत नव्हता, रुचा."

"सॉरी काका," रुचा हळूच म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? तू तेव्हा शाळेत असशील. खोबरं खा."

परीक्षितने घसा साफ केला. "काका, एक करू शकतो. मी या वेळी जरा डोळेझाक करतो. तुम्ही थोडेसेच वर आहात. कोणाला कळणार पण नाही."

हे ऐकून हेमचंद्रराव मघापेक्षा जास्त चिडले. "डोळेझाक? म्हणजे मी लबाडीने खेळू? कॅप म्हणजे कॅप! सगळ्यांना सारखी आहे, म्हणूनच हा खेळ आहे. नियम मोडायची माझी टाप नाही आणि तुझी तर त्याहून नाही. घरी जा आणि आरती कर!"

दोघं गेली. जाताना परीक्षितने दारातून एवढंच विचारलं, "मग करणार काय काका?" हेमचंद्ररावांनी त्याला डबा परत न्यायची आठवण करून दिली.

गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर ते लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसले. आधी नूनेझ. त्याच्या नावापुढचं 'रिलीज' बटण दाबलं तर पडद्यावर प्रश्न आला: 'तुमची खात्री आहे का?'

"बघ," ते ओरडले, "हे यंत्र विचारतंय तरी! आम्हाला काढताना एवढंही कोणी विचारलं नव्हतं!"

खात्री नव्हती. मग ते गुडघेवाल्याकडे वळले. पण दुखापतीत माणूस काढायचा म्हणजे शोभतं का? राहता राहिला बेकवर्थ. त्याचा फोटो समोर आला. तुटलेलं आणि परत बसवलेलं नाक, कोणावरच राग नसलेला चेहरा. रात्रपाळीला कोणी आजारी पडला तर डबल शिफ्ट करायला न कुरकुरता थांबणाऱ्यांचे चेहरे असे असतात. हेमचंद्ररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फोटो तसाच होता.

पहिला सामना सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला होता. मृणालिनीबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावल्या.

"त्या वेळी तुमची रात्रपाळी काढून कंपनीचं कितीसं वाचलं?"

"काही नाही! एका व्हाइस प्रेसिडेंटला तेवढा बोनस मिळाला त्या वर्षी! ही ऐकीव माहिती नाहीये, कंपनीनेच छापलं होतं. त्या एकाला काढला असता तर अख्खी पाळी राहिली असती. पण वरचा माणूस काढायचा नसतोच! तळापासून खरवडत यायचं, खरवडीसारखं. निर्लज्ज लेकाचे!"

"हं," मृणालिनीबाईंनी एक डोळा बारीक केला. "आणि तुम्ही दुपारपासून काय करताय?"

हेमचंद्ररावांनी तोंड उघडलं. पडद्यावर तळातली तीन नावं होती. नूनेझ, गुडघेवाला, बेकवर्थ. सर्वांत कमी पगाराची तीन माणसं, आणि ते दुपारपासून त्यांच्यातच बोट फिरवत बसले होते. त्यांनी तोंड मिटलं. रागावायची सवय इतकी की आता स्वतःवर रागावायचं म्हटल्यावर त्यांना क्षणभर आवाजच सापडेना.

मग त्यांनी पडदा वर सरकवला, अगदी वरपर्यंत. तिथे व्हिटेकर होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, संघातला नवरदेव. देखणा, तरुण, दर रविवारी खोऱ्याने गुण आणणारा. टिल्लूंच्या टीमची जी काही इज्जत होती ती त्याच्यामुळे. त्याचा एकट्याचा पगार त्या तिघांच्या बेरजेहूनही कितीतरी जास्त होता.

"त्याची काही चूक नाही," हेमचंद्रराव पुटपुटले.

"त्याला उद्या नोकरी मिळेल का?"

"उद्या? पाच मिनिटांत मिळेल."

"आणि बेकवर्थला?"

'तुमची खात्री आहे का?' यंत्राने विचारलं. हेमचंद्ररावांनी बटण इतक्या जोरात दाबलं की चहा बशीत सांडला. मग लीगच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं: 'श्री. व्हिटेकर यांना आजपासून मुक्त करत आहे. त्यांच्या कामाबद्दल माझी तिळमात्र तक्रार नाही. टीम कॅपच्या खाली आहे. सगळ्यांनी बघून घ्यावं. हे. टिल्लू.'

ग्रुपवर हाहाकार उडाला. 'काका, यू ओके?' 'काकांचा फोन हॅक झालाय का?' 'काकू, प्लीज चेक ऑन हिम!' चेकबिक व्हायच्या आत व्हिटेकर उचललाही गेला होता. उचलणारा कमिशनर परीक्षित. भिडस्त माणसाचीही भीड एखाद्या क्वार्टरबॅकपुढे चेपते. फक्त सुटलेला खेळाडू जुन्या करारासकट घ्यावा लागतो हा स्वतःच लिहिलेला नियम तो घाईत विसरला. व्हिटेकर पाच वर्षांच्या करारासह आणि टिल्लूंच्या वेतनवाढीसह त्याच्या दारात उभा राहिला. त्याला जागा करायला परीक्षितने सामना सुरू व्हायच्या आत चार खेळाडू काढले.

रविवारी हेमचंद्रराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. रिक्लायनर मोकळा होता. व्हिटेकरच्या जागी त्यांना परवडला तो एक बदली क्वार्टरबॅक. तो संपूर्ण सामना बाकावर बसून पाणी प्यायला, आणि त्याला खेळवत नाहीत म्हणून हेमचंद्ररावांनी टीव्हीतल्या प्रशिक्षकाचा उद्धार केला. बेकवर्थला एकदा चेंडू मिळाला. त्याने तो झेलला, चार पावलं टाकली आणि भिंत कोसळावी तसा पडला. हेमचंद्रराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. व्हिटेकर मात्र असा खेळला की परीक्षितच्या गुणांना धरबंध राहिला नाही.

"काका, नो ऑफेन्स," परीक्षित मोठ्या खुशीत म्हणाला, "पण हा हिरा तुम्ही सोडलात."

"सोडला. आणि तू चौघांना सोडलंस. नावं सांग त्यांची."

परीक्षित हसला आणि त्याने फोन उचलला.

"फोन ठेव. न बघता सांग."

"अहो काका, तो एक... रनिंग बॅक होता ना... रुचा, कोण गं तो?"

"मला काय विचारतोस? मी नाही काढले." रुचा टीव्हीकडे बघत म्हणाली.

"गुरुवारपर्यंत तुझ्याकडे होते!" हेमचंद्ररावांचा आवाज चढला. "आज रविवार आहे! अरे, हॉटेलातल्या वेटरचं नाव लक्षात राहतं माणसाच्या!"

परीक्षितने कपाळाला हात लावून बराच विचार केला आणि त्याला दोघांची नावं आठवली. एकाचं आडनाव चुकलं.

"उरलेले दोघे माझ्याकडे आहेत," हेमचंद्रराव म्हणाले. "शुक्रवारी सकाळी घेतले. आणि त्यातला एक आत्ता पळतोय. बघ!"

सगळे टीव्हीकडे वळले. त्याला तिथल्या तिथे चौघांनी मिळून आडवा केला आणि वर आणखी एक जण येऊन पडला.

"उठेल," हेमचंद्रराव पुढे सरकून म्हणाले. "अरे, उठू द्या ना त्याला! सगळे त्याच्यावरच काय बसलाय!"